तहानेचा उद्गार आणि आक्कांची खिचडी

उपासाच्या दिवशी माझं वजन वाढतं. डॉक्टरांना हे पटत नाही, पण डॉक्टरांनी आमच्या विंझर गावात कधी उपास धरलेला नाही.

आम्ही ख्रिस्ती. गावात आमचं एकच घर, आणि चर्च भोरला, म्हणजे नसरापूरला एसटी बदलून. गुड फ्रायडेला तिथे दुपारी बारा ते तीन भक्ती असते. प्रभूने वधस्तंभावरून काढलेले सात उद्गार सात जण वाटून घेतात आणि त्यावर बोलतात. पाचवा उद्गार तहानेचा: 'मला तहान लागली आहे.' तो तीस वर्षं माझ्या सासऱ्यांकडे होता. (आम्ही त्यांना मामा म्हणतो. निवृत्त शिक्षक. माझ्या लग्नपत्रिकेतल्या चुकासुद्धा त्यांनी लाल पेनाने काढल्या होत्या.) गेल्या वर्षी त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि तो उद्गार त्यांनी माझ्याकडे दिला. इतक्या वर्षांच्या जावईपणातली ही माझी पहिली जबाबदारी! त्याआधी मला एकट्याला कोथिंबीर आणायलाही त्यांनी कधी पाठवलं नव्हतं.

त्यांची अट एकच होती. "जावईबापू, तहानेवर बोलायचं ते कोरड्या तोंडाने. सकाळपासून अन्न नाही, पाणी नाही. मी तसाच बोलत आलोय." मी छातीवर हात ठेवून शब्द दिला.

माझी बायको रूथ गाण्यांच्या सरावासाठी आदल्या दिवशीच भोरला माहेरी गेली. जाताना शेजारच्या चंद्राआक्कांना सांगून गेली, की उद्या यांचा उपास आहे, जरा लक्ष असू द्या. आक्कांनी लक्ष दिलं. ताबडतोब साबुदाणा भिजत घातला.

सकाळी सातला आक्का खिचडीची वाटी घेऊन दारात हजर. वर तूप, मधूनमधून हिरव्या मिरच्या, आणि वास असा की आमच्या भिंतीलाही भूक लागावी. आमच्या उपासाला यातलं काही चालत नाही, असं मी शक्य तितक्या मवाळ आवाजात सांगितलं. आक्का रागावल्या नाहीत. त्या उंबऱ्यावर बसल्या. कुठलीही गोष्ट मुळापासून समजून घेतल्याशिवाय त्या उठत नाहीत. एकदा मीटरचं रीडिंग घ्यायला आलेल्या माणसाला त्यांनी दीड तास बसवून घेतलं होतं.

"पाणी बी न्हाई?"

"पाणीसुद्धा नाही."

"आसं तुमच्या पुस्तकात लिवलंय?"

त्या दिवशी तरी खोटं बोलायची सोय नव्हती. काय खावं, काय नको, असं नेमकं लिहिलेलं नाही, ज्याचं त्याने ठरवायचं असतं, असं मी कबूल केलं.

"मंजी तुमीच ठरवायचं व्हय?" आक्कांचा चेहरा उजळला. "मग ठरवा की!"

जन्मभर प्रवचनं ऐकली, पण हा मुद्दा कधी निघाला नव्हता. उत्तर शोधायला वेळ हवा होता, आणि मला उपाशीपोटी काही सुचत नाही, म्हणून मी वाटी हातात घेतली. पाण्याला मात्र शिवलो नाही. अन्नाचा शब्द गेला तर गेला, पाण्याचा तरी पाळू, असं मी मनाशी पक्कं केलं. (तिखट खिचडी खाऊन पाणी न पिण्याचा निश्चय करणारा माणूस किती हुशार असतो, हे मी वेगळं सांगायला नको.)

नऊ वाजता आक्का बटाट्याचा कीस घेऊन आल्या, आणि नवा प्रश्नही. उपास नेमका सुटतो कधी? तीन वाजता, म्हटल्यावर त्यांनी हिशोब मांडला: दोन एसट्या, ऊन, आणि त्यात चक्कर येऊन मी पडलो तर रूथला त्या काय तोंड दाखवणार? रूथच्या काळजीपोटी मी कीसही संपवला.

त्यानंतर त्यांनी जाहीर केलं, की त्याही येणार. मी देवासमोर उपाशीपोटी काय बोलतो ते त्यांना बघायचं होतं. एसटीत त्यांनी पिशवीतून शेंगदाण्याचा लाडू काढला आणि विचारलं, "पर उपास करायचा कशापायी?"

मी म्हणालो, "दुसऱ्याचं दुःख आपल्याला कळावं म्हणून."

"मग कळलं का?"

मी खिडकीबाहेर बघितलं आणि अजून नाही, असं सांगितलं. खरंच कळलं नव्हतं. आक्कांनी समजूतदारपणे मान हलवून लाडू माझ्या हातावर ठेवला.

माझी पाळी आली तेव्हा दीड वाजला होता. चर्च गच्च भरलेलं, पहिल्या बाकावर मामा. मी तोंड उघडलं आणि जीभ टाळूला चिकटली! मिरची, मीठ आणि शेंगदाणा यांनी एकजुटीने आपलं काम केलं होतं. एकेक शब्द घशातून ओढून काढावा लागत होता. दोनदा थांबलो. आवाज फाटला. समोर बायका पदर डोळ्यांना लावू लागल्या, मामांनी चष्मा काढून पुसला. एवढं कौतुक त्यांच्या डोळ्यांत मी कधी पाहिलं नव्हतं, आणि ते फुकटचं होतं म्हणून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात मागच्या बाकावरून चंद्राआक्का उठल्या. पाण्याची बाटली घेऊन मधल्या वाटेने सरळ माझ्यापर्यंत चालत आल्या.

"भाऊ, प्या आदी. सकाळधरनं खिचडी, कीस, लाडू खाल्लाय, आन् पान्याचा थेंब न्हाई पोटात. मरताल!"

गाणाऱ्यांत उभी असलेली रूथ जमिनीकडे बघत होती. मी पाणी प्यायलो. मग सगळ्यांसमोर सांगितलं, की आक्का म्हणतात ते खरं आहे, मी मामांना दिलेला शब्द मोडलाय. आणि खाली उतरलो.

भक्ती संपल्यावर मामा आले. मी मान खाली घालून उभा.

"तीस वर्षं मी तहानेवर बोललो," ते त्या बसक्या आवाजात म्हणाले. "लोक रडायचे. पाणी घेऊन कुणी उठलं नव्हतं."

माझी मान हळूहळू वर येऊ लागली.

"हे तुम्हाला नाही," ते म्हणाले, आणि वळून त्यांनी आक्कांना हात जोडले.

यंदा त्यांचा फोन आला. चंद्राआक्कांना नक्की घेऊन या, त्यांची जागा पहिल्या बाकावर धरून ठेवलीय, म्हणाले. मी भीत भीत विचारलं, की पाचव्या उद्गारावर कोण बोलणार.

"ते मी बघतो. तुम्ही आक्कांना सांभाळून आणा," मामा म्हणाले. "आणि येताना जेवून आलात तरी चालेल."