केळीची गंमत

पिकल्या केळ्यांचा वास आला की मला अर्धापूरच्या मित्राची ओसरी आठवते आणि स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटते. मित्राची बहीण बाळंतपणात गेली, म्हणून मी भेटायला गेलो होतो. चार दिवसांची पोर मित्राच्या आईच्या मांडीवर झोपलेली, समोर घडांनी वाकलेली बाग, आणि कुणीच बोलेना. मला मेल्याला शांतता सोसत नाही, अन् डोक्यात नुसती अजब माहिती कोंबलेली. मित्राच्या वडिलांना म्हणालो, "काका, केळ म्हणजे झाडच न्हाई म्हणं, गवत हाय. एकदाच घड देते अन् मरून जाते." बोलून गेलो आणि मग उमजलं. मित्राच्या आईने पोरीला छातीशी धरून हंबरडा फोडला. काका हळू म्हणाले, "हाव बाबा. जलम गेला माझा केळीत. म्हणून तर बुडाशी फुटलेलं नवं पील जपावं लागतं." ती पोर आता सात वर्षांची आहे. मी गेलो की, "मामा, अजून एक गंमत सांग ना," म्हणून मागे लागते. ऑक्टोपसची तीन काळजं, मधमाश्यांचा नाच, सगळं सांगून झालं. परवा तिने बागेकडे बोट दाखवलं, "अन् केळीची?" मी म्हणालो, "केळीचं मला काहीच ठाऊक नाही गं."