मामांचं कृष्णविवर

सोलापुरात कृष्णविवराची बाजू घेऊन भांडणारा एकच माणूस आहे, आणि तो आमच्या घरातला आहे. आमचे मामा, म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. चिंचोळी एमआयडीसीतल्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर लोक बागेत फिरतात, नाहीतर भजनाला बसतात. मामा मोबाइलवर आकाशाचे व्हिडिओ बघता बघता थेट कृष्णविवरापाशी पोचले आणि तिथेच रमले. मग न्हाव्याच्या खुर्चीत, भाजीच्या गाड्यापाशी, कुणाच्या दहाव्यालासुद्धा तोच विषय. "सगळं गिळतं म्हणे ते," असं कुणी म्हटलं की मामांना ती घरच्या माणसाची बदनामी वाटे. "उगं कुणाला ओढत न्हाय ते! हद्दीच्या आत गेलात तर मात्र उजेडसुदिक परत येत न्हाय. पण तुमी हद्दीत जाताच कशाला?" असं ते दरडावून विचारत, आणि समोरचा बिचारा खरंच ओशाळायचा. काळ्या गोलाभोवती केशरी कडं असलेला कृष्णविवराचा फोटो त्यांनी मोठा करून बैठकीत देवांच्या रांगेत लावला. "करपलेला मेदूवडा," आत्याने एका नजरेत निकाल दिला.

माझ्या आत्येबहिणीला बघायला मोडनिंबची मंडळी यायची ठरली, तेव्हा आत्याने मामांकडून शपथच घेतली, की कृष्णविवराचं नाव काढायचं नाही. मामांनी ती पोहे संपेपर्यंत पाळली. तेवढ्यात मुलाच्या वडिलांची नजर भिंतीवर गेली. "ह्यो कुठला देव म्हणायचा?" मामांनी आत्याकडे बघितलं, आत्याने छताकडे. पुढच्या क्षणी कपाटातली चादर बाहेर आली. मुलगा, त्याचे आईवडील आणि मी, चौघांच्या हातात चार कोपरे आणि मधोमध कृष्णविवर म्हणून वरवंटा. चादरीला खळगा पडला. मामांनी पृथ्वी म्हणून सोडलेलं लिंबू गोल गोल फिरत वरवंट्याला जाऊन टेकलं. मुलाची आई घाबरली. "आगं बया! म्हंजे आपली पृथ्वी बी जाणार की आत?"

"न्हाय जात!" मामा खुशीत आले. "सूर्याच्या जागी तेवढ्याच वजनाचं कृष्णविवर ठेवलं, तरी पृथ्वी हाय तशीच फिरंल. फक्त ऊन जाईल, मग आपण समदे गारठून मरू."

सोयरिकीच्या बैठकीत मरणाचा विषय निघाल्यावर मंडळी "कळवतो" म्हणून उठली. आत्याने बोलणं टाकलं. बहिणीला मुलगा आवडला होता. ती आतल्या खोलीत रडत बसली आणि मामा दाराबाहेर उभे राहून "चुकलं गं बाळा" म्हणत राहिले. आठवडाभराने मोडनिंबहून फोन आला. "मुलगी पसंत हाय. फकस्त लग्नात ती चादर घेऊन या. आमच्या भावकीला दावायचंय."

लग्न थाटात झालं. पण मुलगी सासरी गेली आणि मामा एकदम गप्प झाले. मोबाइल उशाला पडून राही. न्हाव्याने मुद्दाम विषय काढला, तरी ते नुसते हसले. एका संध्याकाळी मी गेलो, तेव्हा आत्या चहाचे कप ठेवून त्यांच्यासमोर बसली होती. "अहो, ते तुमचं कृष्णविवर मला काय नीट कळलं न्हाय बगा. एकदा सांगा की."

मामांनी कप बाजूला सरकवला. मग हळूहळू सांगायला लागले. "हद्दीच्या आत गेलेलं परत येत न्हाय," इथवर आले आणि मुलीच्या रिकाम्या खोलीकडे बघत थांबले.

"सांगा की," आत्या म्हणाली. "मला कुटं जायचंय?"