कॅरिअरला बांधलेली पऱ्हाटी

दिग्रसच्या रस्त्यावर सकाळी स्कूटरवरून जाताना ती बाई मला रोज दिसायची. पन्नाशीची, पदर कमरेला खोचलेला, सायकल जुनी. कॅरिअरला तिनं पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीच्या झाडाची, वाळकी काडी आडवी बांधली होती. उजव्या बाजूला हातभर बाहेर आलेली, टोकाला लाल चिंधी. मागून मोटारीचा हॉर्न वाजला की मीच स्कूटर कडेला घ्यायचो. ती मात्र वळूनही पाहायची नाही, आणि अंगावर आलेली गाडी ऐन वेळी बाजूनं निघून जायची.

एकदा फाट्यावर गाठून विचारलं, "मावशी, ही काडी कायले?"

"मोटारवाल्याइसाठी," ती हसली. "माणसाले घासलं त त्याइले काही वाटत नाही, भाऊ. रंगाले ओरखडा पडन म्हनून लय भेतात."

मीही हसलो.

पुढच्याच आठवड्यात वळणावर ती काडी मोडून पडलेली दिसली. चिंधी डांबरात रुतली होती. सायकल नव्हती, बाई नव्हती. मी उतरून नालीत पाहिलं, बाजूच्या तुरीत शिरून पाहिलं. दिवसभर कामात जीव लागला नाही.

दुसऱ्या दिवशी ती पुढं सायकल मारताना दिसली. कोपराला पट्टी होती.

"पाडलं एकानं," ती म्हणाली.

"थांबला तरी का तो?"

"थांबला ना. उतरला, गाडीचं दार पुसून पाह्यलं, अन् गेला."

ती हसत होती. कॅरिअरला बांधलेली नवी काडी चांगली दोन हात बाहेर आली होती.