बोर्डोला, व्हाया वरसे

चार-पाच मित्र मिळून काही ठरवायला लागले की किस्से आपोआप साठत जातात. प्रवास राहतो बाजूला, ठरवण्याच्याच गोष्टी सांगून लोक दमतात. आमच्याकडेही भरपूर साठलेत. फरक एवढाच, की बाकीचे सांगताना हसतात आणि माझे मात्र कान तापतात. तरी सांगते. सुरुवातीला हसायला काहीच हरकत नाही!

* * *

आम्ही पाच जण धरमतर खाडीकाठच्या एकाच शाळेतले. उल्हास रोह्याच्या एका कंपनीत शिफ्ट इन्चार्ज, बंगला वरसे गावात. जयवंतचं पेणला मेडिकल, संध्याचं पार्लर. मी वसुधा, पेणमध्येच शिक्षिका. आणि हिरा. माझ्या बाकावरची. चौथीनंतर आईबरोबर मिठागरावर गेली, ती आजही तिथेच काम करते.

पाचही जणांचा वाढदिवस एक जून! शाळेत नाव घालताना कुणाच्याच घरच्यांना तारीख सांगता येईना, तेव्हा गुरुजींनी सगळ्यांना एकच वाटून टाकली. त्यामुळे कागदोपत्री आम्ही यंदा एकाच दिवशी पन्नाशीचे होणार होतो.

उल्हास म्हणाला, "करायचं तर दणक्यात! फ्रान्स! बोर्डो! शेकडो वर्षांचे द्राक्षमळे, मधोमध जुनी हवेली आणि पाहुणे फक्त आपण पाच! हिराचे पैसे आपण चौघं भरू!"

बोर्डो नकाशात कुठे आहे, हे त्यालाही आदल्याच दिवशी कळलं होतं.

आठवड्याभराने ट्रॅव्हलवाल्या मुलीचा फोन आला. "सर, सॉरी, फॉर्म भरताना आमच्याकडून चूक झालीय. पाचही जणांची जन्मतारीख एकच पडलीय."

"चूक तुमची नाही," उल्हास म्हणाला, "गुरुजींची आहे!"

* * *

पासपोर्ट सगळ्यांत आधी कुणाचा आला असेल? हिराचा!

मिठाने हात ओलसर असतात म्हणून तिने तो दोन पिशव्यांत गुंडाळला होता. मिठागरावरच्या सगळ्या बायकांना दाखवला, पण हातात कुणाच्या दिला नाही.

फोटो काढताना फोटोग्राफर तिला म्हणाला होता, "मावशी, हसू नका. चालत नाही."

"पन्नास वर्सांत पयल्यांदा कुठं चाललंय," हिरा म्हणाली, "नि हसू पन नको?"

चौथ्या फोटोला कंटाळून त्यानेच हात टेकले. शेवटी जो पास झाला, त्यातही तिचे गाल फुगलेलेच आहेत.

* * *

मग उल्हासच्या घरी वाइन प्यायचा क्लास भरला. तिकडे जाऊन फजिती नको, म्हणून. मोबाइलवर व्हिडिओ लावून आम्ही पाच जण गॅलरीत बसलो. ग्लास फिरवायचा, हुंगायचा, एक घोट तोंडात घोळवायचा आणि थुंकायचा! थुंकायला उल्हासच्या बायकोने कपडे भिजवायचं पांढरं घमेलं आणून ठेवलं होतं.

"थुकायचा?" हिरा म्हणाली. "मंग द्राक्षा झाडावरच ऱ्हाऊ द्यायची व्हती की!" आणि तिने घोट सरळ गिळून टाकला.

आम्ही चौघं मात्र इमानेइतबारे घमेल्यात थुंकत होतो. तेवढ्यात समोरच्या बंगल्यातल्या काकू धापा टाकत वर आल्या.

"उल्हासभाऊ, रक्त पडतंय का हो? काय खाल्लंत सगळ्यांनी? खाली रिक्षा उभी केलीय!"

हिरा भिंतीला टेकून हसत सुटली. "काकू, चौघांनाच न्या. मी गिलली, मी बरी हाय!"

उल्हास हसला नाही. काकूंसमोर त्याची चांगलीच शोभा झाली होती. खरं सांगायचं तर मीही हसले नाही.

* * *

दोन दिवसांनी फोनवर नवा ग्रुप उगवला. नाव 'फ्रान्स फायनल'. मेंबर चार.

उल्हासने लिहिलं, "लक्झरी ट्रिप आहे. हिराला तिथे अवघडल्यासारखं होईल. तिच्या भल्यासाठीच म्हणतोय."

संध्याने जोडलेल्या हातांचा इमोजी टाकला. जयवंतने "बरोबर" लिहिलं. हिराला काय वाटेल, ते हिराला विचारावं असं चौघांपैकी एकालाही सुचलं नाही. मी शाळेत मुलांना मूल्यशिक्षण शिकवते. मीही होकाराचा अंगठा टाकला!

तिला सांगायचं काम माझ्याकडे आलं. कारण काय, तर "तुझी मैत्रीण आहे ना?"

* * *

मी गेले. मिठाच्या राशीपाशी उभी राहून मी तिला सांगितलं, की ट्रिप रद्द झाली, सगळ्यांचाच व्हिसा नाकारला. खोटं एवढ्यावर थांबवायचं ना! पण शिक्षकी सवय, कारण दिल्याशिवाय चैन पडत नाही. म्हणाले, "त्यांना वाटतं, आपण तिकडेच राहू. परत येणार नाही."

हिरा कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"तिकडं ऱ्हाऊन काय करशील गो तू?" ती म्हणाली. "तुला दोन दिस सासरी करमत नवता!"

मग माझा पडलेला चेहरा बघून तिने पदराने हात पुसले आणि माझ्या पाठीवरून फिरवला. "रडू नको गो. कायतरी करू."

ती माझी समजूत घालत होती! मी पेणपर्यंत रिक्षात मान खाली घालून बसले.

* * *

निघायचा दिवस. दुपारी बाराला गाडी यायची होती. माझ्या दोन्ही बॅगा दारातच. बेल वाजली, मला वाटलं ड्रायव्हर. दार उघडलं तर हिरा. घामाघूम, हातात तीच प्लॅस्टिकची पिशवी.

तिची नजर बॅगांवर गेली.

"भरूनच ठेवल्यास?" ती म्हणाली. "बरा केलास. कागद पोचला की लगेच निगायला बरा."

"कसला कागद?"

तिने पिशवीतून कागद काढला. ग्रामपंचायतीचा शिक्का, खाली मिठागरावरच्या बायकांच्या सह्या आणि निळे अंगठे, मागच्या बाजूपर्यंत. मजकूर असा: 'खाली नावे दिलेली माणसे आमच्या गावची व चांगल्या घरची आहेत. ती परत येतील, याची आम्ही हमी देतो.'

नावं चार होती. माझं पहिलं.

"हिरा, तुझं नाव?"

"सरपंच बोलले, जो जानार त्याला हमी देता येत नाय. आनि बाया बोलल्या, पयली सही तुजी असंल तरच आमी अंगठा करू. मग मी बोलले, माजा नाव जानाऱ्यांतून काढा."

पहिली सही तिचीच होती. चौथीतलं अक्षर, प्रत्येक अक्षर सुटं.

खाली हॉर्न वाजला. पाठोपाठ उल्हास जिना चढत ओरडला, "वसू, चल! विमान आपल्यासाठी थांबणार नाही!" आणि दारात येऊन तसाच उभा राहिला. अंगात नवा लिननचा शर्ट, गळ्यात पासपोर्टची पिशवी.

हिराने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग माझ्या हातातला कागद घेऊन नीट घडी घातली आणि त्याच्यापुढे धरला.

"आलास बरा झाला. यो तूच सांभाल," ती म्हणाली. "नि परत या रे. मी सही केलीय."