निकामी लूमची समक्ष पाहणी

आमच्या घरात कापडाचा कारखाना चालतो, ही बातमी मला पालिकेच्या नोटिशीतून कळली.

लग्न होऊन मी या घरात आले त्याला बावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत कारखान्याच्या मालकीणबाईंना जे काही मिळायला हवं (गाडी, गडीमाणसं, गेला बाजार एक फिरती खुर्ची) त्यातलं काहीही माझ्या वाट्याला आलेलं नव्हतं. नोटिशीत मात्र स्वच्छ छापलं होतं, 'तळमजला, वापर: औद्योगिक.' त्याखाली घरपट्टीचा नवा आकडा. तो वाचून माझा नवरा विलास पंख्याखाली जाऊन बसला.

खरं सांगायचं तर दोष पालिकेचा नव्हता. आमच्या खालच्या हॉलमध्ये एके काळी खरोखरच चार लूम, म्हणजे यंत्रमाग, चालायचे. माझे सासरे, म्हणजे अप्पा, त्यांचे मालकही होते आणि कामगारही. धंदा बसला तेव्हा तीन लूम भंगारात गेले. चौथ्याची वेळ आली तेव्हा अप्पा दारात आडवे उभे राहिले. "ह्यो माजा पयला लूम हाय. ह्यो कुटं जानार न्हाय!" मग लूम हॉलमध्येच राहिला आणि त्याच्याभोवती आम्ही संसार मांडला. एका बाजूला फ्रिज, दुसऱ्या बाजूला टीव्ही, मध्ये लूम. त्यावर गोधड्या, इस्त्रीचे कपडे आणि उन्हाळ्यात पापड. दसऱ्याला हार आधी लूमला, उरला तर टीव्हीला. अशात सर्वेक्षणाला आलेल्या माणसाने खिडकीतून डोकावलं, त्याला लूम दिसला आणि त्याने तसं लिहून टाकलं. भिवंडीत खिडकीतून लूम दिसल्यावर माणूस दुसरं काय लिहिणार?

"भरून टाकू," विलास पंख्याखालून म्हणाला.

"भरून टाकू? दरवर्षी? आणि आपल्या बबलीच्या कॉलेजची फी काय लूम भरणार?" मी उसळले. "मी हरकत घेणार!"

मी एका पतसंस्थेत कर्जाचे अर्ज तपासते. त्यामुळे अर्ज या विषयात माझा हात धरणारं गल्लीत कोणी नाही, असं माझं तेव्हा मत होतं. मी पाच पानी हरकत अर्ज लिहिला. सोबत नऊ फोटो जोडले. त्यातल्या चारांत विलासची पॅन्ट लूमवर वाळताना दिसत होती (पुरावा म्हणून याहून घरगुती काय असणार?). तिसऱ्या पानावर माझ्या लेखणीचा कळस झाला होता. 'सदर यंत्र हे पूर्णतः निकामी, गंजलेले व भंगारसदृश अवस्थेत असून त्यास वीजजोडणीही नाही. सबब त्याचा वापर केवळ कपडे वाळत घालणेकामी होतो.'

'भंगारसदृश' हा शब्द सुचला तेव्हा मला स्वतःचंच कौतुक वाटलं.

"अप्पांना वाचून दाखवलास का?" विलासने विचारलं.

"त्यांना कशाला? घर त्यांनी आपल्या दोघांच्या नावावर केलंय. सही माझी, अर्ज माझा. आणि कागदावर असंच लिहावं लागतं रे!"

सुनावणीला मी एकटीच गेले. तिथल्या साहेबांनी अर्ज चाळला, पॅन्टचे फोटो बारकाईने पाहिले आणि म्हणाले, "मॅडम, तुमचं म्हणणं पटतंय. फक्त एकदा आमचे निरीक्षक येऊन समक्ष बघून जातील. येत्या शुक्रवारी चालेल?"

चालेल म्हणजे काय, पळेल! शुक्रवारी जुम्म्याची सुट्टी, आमच्या गल्लीतले सगळे लूम बंद असतात. एरवी आठवडाभर गल्लीत एवढा खडखडाट असतो की आम्ही फोनवर बोलायला न्हाणीघरात जातो. शुक्रवारी सगळं कसं शांत, अगदी निवासी!

मी रजा टाकली, विलासलाही टाकायला लावली. हे ऐकून अप्पांचा चेहरा उतरला.

"शुक्रवारी? घरात ऱ्हानार तू?"

"हो. निरीक्षक येणारेत ना."

"दुपारच्याला पन?"

"दिवसभर. का हो?"

"न्हाय, कशाला उगाच रजा फुकट घालवायची," अप्पा म्हणाले आणि चपला घालून शेजारच्या सलीमचाचांकडे निघून गेले. (सलीमचाचा म्हणजे अप्पांचे तीस वर्षांचे दोस्त. उभ्या गल्लीचे लूम दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली.) मला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण मी लूमवर घालायला सर्वांत घरगुती चादर कुठली, या विचारात होते.

शुक्रवारी सकाळपासून मी हॉल सजवला. लूमवर फुलाफुलांची चादर, चादरीवर पापडांचं ताट, पापडांशेजारी गोधड्यांची चळत, वर दोरीला विलासची ती प्रसिद्ध पॅन्ट. अप्पांना मी खुर्चीत बसवून बजावलं, "तुम्ही फक्त 'बंद आहे' एवढंच म्हणायचं. दोन शब्द. तिसरा नको!"

"बंद हाय," अप्पांनी आज्ञाधारकपणे म्हणून दाखवलं.

निरीक्षक दुपारी अडीचला आले. तरुण, सभ्य, चष्मेवाले. चपला दाराबाहेर काढल्या, पाणी मागून घेतलं. हॉलकडे नजर टाकताच त्यांना सगळं पटलेलं दिसत होतं. मी पापड तळायला घेणार होते, इतक्यात ते म्हणाले, "मॅडम, नियमाप्रमाणे अर्जातला मजकूर वाचून खात्री करतो, मग निघतोच." आणि नेमकं तिसरं पान काढून खणखणीत आवाजात वाचू लागले. "सदर यंत्र हे पूर्णतः निकामी, गंजलेले व भंगारसदृश..."

अप्पा खुर्चीतून उठले.

"कोन बोलला भंगार?"

"अर्जात लिहिलंय, काका."

"कोनी लिवलंय?"

निरीक्षकांनी माझ्याकडे पाहिलं. विलासने माझ्याकडे पाहिलं. मी पापडांकडे पाहिलं.

"अप्पा, ते कागदावर तसं लिहायचं असतं," मी म्हणाले.

"गंजलाय? कुटं गंजलाय दाखव! बोट लावून दाखव!"

बिचारे निरीक्षक मध्ये पडले. "काका, तुमच्याच फायद्याचं आहे. मी फक्त 'दुरुस्तीपलीकडे' असं लिहितो आणि..."

"दुरुस्तीपलीकडं?" अप्पा एवढ्या जोरात ओरडले की भिंतीपलीकडून सलीमचाचांनी "क्या हुआ अप्पा?" म्हणून विचारलं.

इथे मी गप्प बसायला हवं होतं. अर्ज मंजूर व्हायला फक्त एक सही बाकी होती. पण माझ्या पाच पानांच्या भाषेवर माझा एवढा विश्वास बसला होता की मीच म्हणाले, "साहेब, वादच नको. अप्पांना चालवून बघू दे लूम! तुमच्यासमोर. म्हणजे तुमचीही खात्री होईल आणि यांचीही!"

"खरंच गरज नाही हो, मॅडम," निरीक्षक म्हणाले.

"नाही नाही, माझा आग्रह आहे!"

अप्पांनी हाक मारली आणि सलीमचाचा नुकतेच जुम्म्याची नमाज पढून आलेल्या पांढऱ्या कपड्यांत हजर झाले. हातात तेलाचा डबा! नमाज पढून आलेल्या माणसाच्या हातात तेलाचा डबा कशाला, एवढंही मी विचारलं नाही. अप्पांनी एका झटक्यात चादर ओढली. पापड हॉलभर पसरले. चादरीखालचा लूम पाहून मी थक्क झाले. तो माझ्या स्टीलच्या भांड्यांपेक्षा जास्त चमकत होता.

"पण वीज नाहीये त्याला!" मी शेवटचा आधार धरला.

अप्पा शांतपणे फ्रिजपाशी गेले, फ्रिजचा प्लग काढला आणि लूमचा लावला.

दर शुक्रवारी संध्याकाळी आमच्या फ्रिजमधला बर्फ वितळलेला असायचा. त्यासाठी मी मेकॅनिकला दोनदा बोलावलं होतं. एकदा तर दाराचं रबरसुद्धा बदलून घेतलं!

"सूनबाई, गुस्सा मत करना," सलीमचाचा डोकं खाजवत म्हणाले. "तुम्ही शुक्रवारी ड्युटीवर असता ना, तेव्हा आम्ही दोघं जरासं तेलपाणी करतो. मोटरपण बदलली, घरच्या लाइनवर चालणारी. कपडा नाही काढत, रिकामाच चालवतो. एक चहा होईपर्यंत, बस."

आणि अप्पांनी खटका दाबला.

खटाक्-खट, खटाक्-खट! लूम असा सुरू झाला की टीव्हीची काच थरथरली, गोधड्यांची चळत कोसळली आणि विलासची पॅन्ट दोरीवरून निरीक्षकांच्या खांद्यावर आली. शुक्रवारची शांत गल्ली, त्यात एकच लूम! पाच मिनिटांत दारात अर्धी गल्ली जमली. "अप्पाचा लूम चालू झाला रे!" कोणी टाळ्या वाजवल्या. समोरचे एक व्यापारी लुंगी सावरत आत घुसले आणि निरीक्षकांच्या देखत मोठ्याने विचारू लागले, "अप्पा, काम लेते क्या? चार ताके कपडे का ऑर्डर देता हूँ, बोलो!"

"नाही घेत! निवासी आहे! हे निवासी घर आहे!" मी ओरडत होते, पण लूमपुढे माझा आवाज कोणाला ऐकू येणार?

धंदा बंद झाला त्या दिवशी अर्धवट राहिलेला ताणा, म्हणजे उभं सूत, अप्पांनी तसाच लूमवर ठेवला होता. त्याच सुतातून आता पांढरं कापड निघत होतं. अप्पा वाकून त्यावरून हात फिरवत होते, धागा तुटतोय का ते बघत होते. त्यांचा चेहरा मी बावीस वर्षांत असा कधी पाहिला नव्हता. खरं सांगते, मला फार लाज वाटली. ज्या यंत्राने या घराला जेवू घातलं, विलासला शिकवलं, माझ्या लग्नातली पंगत उठवली, त्याला मी पाच पानांत भंगार ठरवलं होतं, आणि वर स्वतःचं कौतुक केलं होतं. डोळ्यांत पाणी आलं. (विलासला मी सूत उडाल्याचं सांगितलं.)

वीतभर कापड निघाल्यावर अप्पांनी लूम बंद केला आणि निरीक्षकांपुढे जाऊन उभे राहिले. "बोला, सायेब. काय लिवता?"

निरीक्षकांनी खांद्यावरची पॅन्ट घडी करून माझ्या हातात दिली. "काका, आता मला जे दिसलं तेच लिहावं लागेल. 'यंत्र चालू स्थितीत.' घरपट्टी कमी नाही होणार."

"लिवा की! खरं हाय ते लिवा! आन कापड कसं हाय, ते बी लिवा!"

"त्याला रकाना नाहीये, काका."

"मंग बाजूला लिवा!"

तेवढ्यात दारातली गल्लीही "लिवा, लिवा" म्हणू लागली. निरीक्षकांनी कापड बोटांनी चाचपलं, चष्मा सारखा केला आणि लिहिलं. खाली अर्जदार म्हणून मी सही केली. अप्पांनी स्वतःच्या हाताने त्यांना चहा दिला आणि पापडही दिले (जमिनीवरचे नव्हे).

पंधरा दिवसांनी हरकत फेटाळल्याचा आदेश घरी आला. विलासने विचारलं, "वर अपील करता येतं म्हणे. करूया?"

"करा की!" अप्पा आतून ओरडले. "येऊ दे मोठ्या सायबाला! त्याला दोन मीटर काडून दाकवतो!"

आम्ही अपील केलं नाही. वाढीव घरपट्टी भरली, बबलीची फी हप्त्यांनी भरतोय. लूमवर पापड घालायची आता कोणाची टाप नाही. तो आदेश अप्पांनी चौकटीत बसवून फ्रिजच्या वर लावलाय आणि घरी येणाऱ्या प्रत्येकाला ते तो उभं राहून वाचायला लावतात. 'अर्जदार यांच्या आग्रहाखातर यंत्र समक्ष चालवून पाहिले असता ते उत्तम स्थितीत आढळले. कापड चांगल्या प्रतीचे.'

वाचून झालं की पाहुणे हमखास विचारतात, "पण हा असा आग्रह धरणारा शहाणा अर्जदार कोण हो?"

तेव्हा मी चहा टाकायला आत जाते.