मोहाखालची बालवाडी

मैत्रिणींनो, आज सकाळी सहज आमच्या गावच्या अंगणवाडीत गेले. नवी शिकाऊ पोरगी एकटीच बसली होती. मोहफुलं पडायचे दिवस, त्यामुळे लेकरं आईबापासंग पहाटेच ती वेचायला जंगलात गेलेली.

मला माझं शिकणं आठवलं. ऐंशीच्या दशकात अहेरीकडच्या एका गोंडी गावात मी बालवाडीचं काम शिकत होते. मोहाच्या दिवसांत तक्ते लावून, फळा पुसून तीन दिवस रिकाम्या खोलीत वाट पाहिली. चौथ्या दिवशी मला शिकवणाऱ्या बाई आल्या.

"लेकरं येत नाई, तं तू काऊन बसून राह्यली इथी?" म्हणाल्या आणि खिचडीचा गंज, ते भलंमोठं पातेलं, माझ्या डोक्यावर ठेवला. मग महिनाभर मोहाखालीच बालवाडी. पाय सुजायचे, पण लेकरं जेवायची.

आज त्या पोरीला हेच सांगितलं. ती थकलेल्या आवाजात म्हणाली, "बाई, मोबाईलवर हजेरीचा फोटो इथलाच लागते. जंगलात गेली, तं माझीच गैरहजेरी लागते."

निघताना पाहिलं, खिचडी शिजून तयार होती. गुडघे धड असते, तर गंज मीच उचलला असता.

तुमच्या गावात कोण उचलतं?