दुर्बिणीची झाकणं

खांडेनवमी पंधरा दिवसांवर आली आणि उत्तरा भोयरला पुन्हा मळमळायला लागलं. मनीषनगरच्या घरी नवऱ्याला वाटलं, पित्त असेल. त्याने ओव्याचं पाणी करून दिलं, तिने मुकाट पिऊन टाकलं. पित्त कसलं डोंबलाचं! वर्षभर तिला एकाच गोष्टीची किळस येत होती, आणि ती म्हणजे तिच्या कामावरचं खांडेनवमीचं शस्त्रपूजन.

उत्तरा मूळची रामटेककडची, धान पिकवणाऱ्या घरातली. लहानपणी बांधावर उभी राहून गोफणीने पाखरं हाकायची, तेव्हापासून तिचा नेम गावात नावाजलेला. पुढे शहराबाहेरच्या एका प्राणी बचाव केंद्रात नोकरी लागली, आणि गेली दहा वर्षं तिथली भुलीची बंदूक तिच्या हाती आहे. कोणाच्या गोठ्यात, कोणाच्या जिन्याखाली बिबट्या अडकला की डॉक्टर श्वेता डार्टमध्ये, म्हणजे सुईच्या बाणात, औषध भरते आणि उत्तरा तो डार्ट त्याच्या मांडीत मारते. मांडीतच मारायचा. पोटात गेला तर औषध धड चढत नाही, आणि अर्धवट भुलीतलं जनावर कुठेही धावत सुटतं. म्हणून बंदुकीवर नेमासाठी दुर्बीण आहे, आणि त्या दुर्बिणीला उत्तरा कोणाला हात लावू देत नाही. वर्षातला एक दिवस सोडून.

त्या दिवशी बंदूक व्यवस्थापक साहेबांची असते. दादाजी हे साहेबांचं पाळण्यातलं नाव, वय जेमतेम पन्नास. टेबलावर बंदूक मांडायची, बाजूला जाळी, काठ्या, पिंजऱ्याचं कुलूप. मग साहेब कुंकवाची वाटी घेऊन सुटायचे. नळीला टिळा लावून त्यांचं भागायचं नाही. गेल्या वर्षी तर “हा बंदुकीचा डोळा आहे” म्हणत त्यांनी ओल्या कुंकवाचं बोट दुर्बिणीच्या काचेवरच ओढलं, वर अक्षता चिकटवल्या, नारळाचं पाणी शिंपडलं. आणि उत्तरा हात जोडून उभी होती. नऊ जणांसमोर साहेबांना कसं अडवायचं, म्हणून उभी होती! आठवलं की तिला स्वतःच्या जोडलेल्या हातांचीही शिसारी यायची.

पूजलेलं शस्त्र दसऱ्याची आरती होईपर्यंत हलवायचं नाही, असा केंद्रातला दंडक. काच पुसायलाही कोणी हात लावू दिला नाही. आणि दसऱ्याच्या सकाळी, आरतीच्या आधीच, कन्हानजवळच्या वीटभट्टीतून फोन आला. बिबट्याची मादी भट्टीच्या आडोशाला बसली होती, भोवती सारं गाव गोळा झालं होतं. उत्तराने धावत्या गाडीत ओढणीने काच पुसली. कुंकू वाळून घट्ट झालेलं, ते नुसतंच पसरलं, आणि एक तांदूळ काचेवर ओरखडा उमटवून गेला. दुर्बिणीतून मादी दिसली ती लाल धुक्यात. नाही मारत म्हणायला हवं होतं. पण लोक ओरडत होते, कोणी दगड मारत होतं, आणि उत्तराने चाप ओढला.

डार्ट पोटात गेला. मादी उठली, झोकांड्या खात धावली आणि मागच्या पाण्याने भरलेल्या खाणीत पडली. बाहेर काढली तेव्हा ती मेलेली होती, आणि तिच्या सडांतून दूध गळत होतं. अहवालात लिहिलं गेलं, प्राणी मुळातच अशक्त होता. लिहिणारे दादाजी, खाली दोन सह्या. त्यातली एक उत्तराची.

तेव्हा यंदा काचेवर झाकण बसलंच पाहिजे, असं तिने ठरवलं. नवी काच बसवून आणली तेव्हाच तिने साहेबांकडे झाकणं मागितली होती. साहेबांनी फोनवर बोटं फिरवून मागवून टाकली. रबरी पट्ट्याची, आरपार दिसणारी.

“पाह्य, हे काढाचीच गरज नाही,” ते खूश होऊन म्हणाले. “लावून ठेवाचं अन् तसाच नेम धराचा.”

ती बसेचनात. दुर्बिणीवर चाळीस लिहिलेलं पाहून साहेबांनी चाळीसची मागवली होती. चाळीस ही आतल्या काचेची रुंदी. झाकण बसतं बाहेरच्या कडेवर, आणि ती चांगली जाड असते. साहेबांनी ती ओढून ताणून चढवली आणि वरून डब्याचं रबर गुंडाळलं. उत्तराने त्यातून अंगणातल्या कडुलिंबाकडे पाहिलं. झाड पिवळट, डबक्यातल्या पाण्यातून दिसावं तसं. तिने ते रबर काढून कचऱ्यात टाकलं आणि हात साबणाने धुतले.

रविवारी ती सीताबर्डीत बंदुकांच्या जुन्या दुकानात गेली. जाताना तिने कागदाची पट्टी दुर्बिणीच्या दोन्ही तोंडांना बाहेरून गुंडाळून खुणा करून नेली होती. दुकानातले म्हातारे रुपराव ती पट्टी पाहूनच सावरून बसले. एवढं माप घेऊन येणारं गिऱ्हाईक त्यांना वर्षात मिळालं नव्हतं.

त्यांनी आधी कापडी गवसणी दाखवली. उत्तराने नाक मुरडलं. पावसाळ्यात कापड ओल धरणार आणि काचेला बुरशी येणार. मग आली स्प्रिंगची झाकणं, बोट लावलं की उघडणारी. तिने एक कानाशी धरून उघडलं. टाक्! तिने ते परत सरकवलं.

“काहून वं बाई, कानाले काहून लावून राहिली?”

“बिबट्या ऐकते, भाऊ. हे वाजलं की तो उठला समजा.”

रुपराव आत गेले आणि एक धूळभरलं खोकं घेऊन आले. यातल्या झाकणांच्या कडेला रबराची गादी होती. उत्तराने वीस वेळा उघडून पाहिलं, वीस वेळा मिटलं. आवाज नव्हता. ती झटकून पाहिली, उलटी धरली, नखाने ओढून पाहिली. मग पैसे मोजून दोन्ही झाकणं पिशवीत घातली.

खांडेनवमीला बंदूक टेबलावर आली ती दोन्ही झाकणं मिटून. दादाजी वाटी घेऊन आले. थबकले.

“हे झाकण काहून लावलं वं? पूजेत आडकाठी करून राहिली काय?”

“टिळा नळीले लावा, साहेब. काचेले नका लावू.”

“मले शिकवू नको!” म्हणत त्यांनी चष्मा सावरला आणि नख घालून झाकण उघडलं. बिनआवाजाचं, तिनेच पारखून घेतलेलं झाकण अगदी अलगद उघडलं. मागे उभी असलेली मंडळी गप्प. त्या गप्प बसण्याची उत्तराला इतकी घाण वाटली की तिने जोडलेले हात सोडले. साहेबांचं बोट काचेपर्यंत पोचायच्या आत तिने त्यांच्या हातातल्या वाटीत अंगठा बुडवला आणि त्यांच्या चष्म्यावर ओढला. एका काचेवर, मग दुसरीवर.

“अवं!” दादाजी मागे सरकले. त्यांनी रुमालाने चष्मा पुसला, तसं कुंकू आणखीच पसरलं. “मले काही दिसून नाही राहिलं!”

“वीटभट्टीवर मलेही नव्हतं दिसून राहिलं,” उत्तरा म्हणाली. “लाल डाग दिसत होता, त्याच डागावर मी मारला. ती अशक्त नव्हती. पिलांची आई होती. अहवाल खोटा आहे, अन् खाली सही माझी आहे.”

डॉक्टर श्वेताने हातातलं प्रसादाचं ताट खाली ठेवलं.

“माझीही आहे,” ती म्हणाली.